आरक्षण उठवायचं की मैदान वाचवायचं?

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेच्या शहरात मी अंगणवाडी सेविका आहे. सासर-माहेर एकाच गावात. वडिलांच्या माघारी 28 गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर दोन भाऊ आणि मी अशी तीन नावं लागली. 2003 साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात त्या जमिनीवर मैदानाचं आरक्षण पडलं, म्हणजे ती मैदानासाठी राखून ठेवली. तेव्हापासून ना जमीन घेतली, ना पैसे दिले. थोरल्याने मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तर बँकेने आरक्षण बघून कागद परत केले. आता सुधारित प्रारूप आराखडा आलाय, त्यातही आमच्या जागेवर मैदानच आहे. हरकतींना 30 दिवस दिलेत, त्यातले नऊ गेले. भाऊ म्हणतात, ‘आरक्षण उठवा’ असा अर्ज करू, तू सही कर. एक मध्यस्थ पैसे घेऊन काम करून देतो म्हणतोय. पण माझ्या अंगणवाडीची आणि शेजारच्या शाळेची पोरं रस्त्यावर खेळतात. आमच्या भागात दुसरी मोकळी जागा नाही. शिवाय त्याच नकाशात मागच्या ओढ्याकाठचा हिरवा पट्टा पिवळा, म्हणजे घरं बांधायला मोकळा, केलाय, जिथे 2019 ला कमरेइतकं पाणी होतं. सही केली तर पोरांशी बेइमानी, नाही केली तर माहेर तुटेल. काय करू?
– दोन भावांची बहीण

उत्तर

प्रिय ताई,

त्या अर्जावर सही करू नका. पण भावांना नकारही देऊ नका. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती कागदावर यायलाच हवी. फक्त अर्ज दुसरा लिहावा लागेल आणि तो तिघांनी मिळून लिहावा लागेल.

मी तीस वर्षं नगररचनेचं काम केलं. आरक्षण म्हटलं की जमीनमालकाच्या पोटात गोळा येतो हे मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलं आहे. तो गोळा मैदानामुळे येत नाही. नकाशात हिरवा चौकोन काढायला अर्धा दिवस लागतो आणि तो विकत घ्यायला लागणाऱ्या पैशांची तरतूद वीस-वीस वर्षं होत नाही, म्हणून येतो. तुमच्या वडिलांच्या वाट्याला नेमकं हेच आलं. जमीन त्यांची, पण विकता येत नाही, बांधता येत नाही, तारण ठेवता येत नाही. गावाला मैदान नाही आणि घराला पैसा नाही. तेव्हा भांडण भाऊ आणि पोरं यांच्यात लावू नका. दोघांचंही देणं एकाच ठिकाणी थकलंय.

आता कायद्याचं बोलते, कारण यातली एक गोष्ट तातडीची आहे आणि ती मध्यस्थ तुम्हाला सांगणार नाही.

आपल्याकडे शहराचा आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली होतो. त्याच्या कलम 38 प्रमाणे किमान 20 वर्षांतून एकदा आराखड्याची फेरतपासणी करावी लागते. तुमच्याकडे सध्या चाललंय ते हेच. त्याच कायद्यात कलम 127 आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. सोबत मालकीचे कागद जोडायचे. त्यानंतर 24 महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची खरी कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण रद्द झालं असं कायदा मानतो. नुसता सभेत ठराव केला किंवा वरच्या कार्यालयाला पत्र पाठवलं म्हणजे कार्यवाही झाली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरणार ट्रेडर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. 2025 च्या फेब्रुवारीत तर 33 वर्षं आरक्षणात अडकवून ठेवलेल्या एका जमिनीच्या बाबतीत न्यायालयाने ‘इतकी वर्षं मालकाला ताटकळत ठेवता येणार नाही’ अशीच भूमिका घेतली.

म्हणजे तुमच्या कुटुंबाला नोटीस देण्याचा हक्क गेल्या दहा-बारा वर्षांपासून आहे आणि तुम्ही तो वापरलेला नाही. सुधारित आराखडा अंतिम मंजूर होऊन अमलात आला आणि त्यातही आरक्षण कायम राहिलं, तर ही दहा वर्षं नव्याने मोजली जातात. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. तुमचे भाऊ ‘अर्ज करून बघू’ म्हणत थांबले तर हातातला हक्क निसटून आणखी दहा वर्षांवर जाईल. म्हणून हरकतीची मुदत सांभाळताना याच महिन्यात जमिनीचं काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या वकिलाला तिघांनी मिळून भेटा. सातबारा, फेरफार, झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या वापरासाठी आहे त्याचा दाखला) आणि जुन्या मंजूर आराखड्याचा भाग नकाशा सोबत न्या. जुना आराखडा नेमका कोणत्या तारखेपासून अमलात आला ते राजपत्रावरून काढून घ्या, कारण सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो.

तुम्हाला वाटेल, मी मैदान घालवायचा रस्ता दाखवतेय. मला हे तुमच्यापासून लपवता आलं असतं, पण भावांचा हक्क त्यांना माहीत नसावा असं वाटणं बरोबर नाही. आणि ही नोटीस एक प्रश्नही आहे: मैदान हवंय ना, मग घ्या. कित्येक गावांत अशी नोटीस गेल्यावरच अंदाजपत्रकात पहिल्यांदा तरतूद झालेली मी पाहिली आहे. उलटही पाहिलं आहे. एका गावात पालिकेने 24 महिने काहीच केलं नाही आणि शाळेसमोरचं मैदान गेलं. आज तिथे चार मजली इमारती आहेत आणि शाळेची पोरं प्रार्थनाही व्हरांड्यात म्हणतात. धोका खरा आहे. तो टाळायचा असेल तर नोटीस गुपचूप द्यायची नाही. ती दिल्याचं गावाला कळू द्या, शाळेच्या व्यवस्थापन समितीला कळू द्या, पालकांना कळू द्या. 24 महिने त्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या दारात विचारत राहायला हवं की आमच्या मैदानाचं काय झालं.

आता हरकत. ‘आमच्या जमिनीवरील आरक्षण वगळावे’ अशा एका ओळीच्या अर्जांचे ढीग मी उपसले आहेत. त्यावर शेरा ठरलेला असतो: सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यक, सबब विनंती मान्य करता येत नाही. तुमचा अर्ज असा असू दे. गट नंबर, आरक्षण क्रमांक, क्षेत्र. मग सरळ लिहा की या भागात मैदानाची गरज आम्हाला मान्य आहे. 2003 पासून ही जमीन विनामोबदला अडकली आहे. तेव्हा कलम 126 प्रमाणे मोबदला देऊन ती ठरावीक मुदतीत घ्यावी आणि तशी तरतूद आराखड्याच्या अंमलबजावणीच्या पहिल्या टप्प्यात दाखवावी. ते शक्य नसेल तर आरक्षण वगळून शेजारच्या अमुक शासकीय जागेवर ते प्रस्तावित करावं. अशी जागा असेल तर तिचा गट नंबर शोधून लिहा. मालक स्वतः मैदानाची गरज मान्य करतोय, असा अर्ज हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे फार क्वचित येतो. माझ्या टेबलावर जे तीन-चार आले, ते मला अजून आठवतात.

मोबदल्याचे तीन मार्ग कलम 126 मध्ये आहेत: वाटाघाटीने रक्कम, टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा चटईक्षेत्र (म्हणजे जादा बांधकामाची परवानगी), नाहीतर भूसंपादन कायद्याने संपादन. लहान शहरात टीडीआरचं प्रमाणपत्र हातात पडलं तरी ते विकत घेणारे बिल्डर मोजकेच असतात, आणि ते भाव पाडतात. थोरल्याला पैशांची गरज आहे, तर रोख रकमेचाच आग्रह धरा. चौथी वाट समावेशक आरक्षणाची: ठरावीक हिस्सा मैदान म्हणून तयार करून पालिकेला द्यायचा आणि उरलेल्यावर मालकाने बांधकाम करायचं. 2020 च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकत्रित नियमावलीच्या, म्हणजे यूडीसीपीआरच्या, अकराव्या प्रकरणात ते आहे. तुमच्या क्षेत्राला आणि आरक्षणाच्या प्रकाराला ते लागू पडतं का, हे नगररचना सहायकाकडून लेखी घ्या. 28 गुंठे म्हणजे साधारण 2,800 चौरस मीटर. खो-खोला 27 बाय 16 मीटर लागतात, कबड्डीला 13 बाय 10. दोन्ही मैदानं आखून तुमच्या अंगणवाडीच्या पोरांना धावायलाही जागा उरते. पूर्ण जागा मैदानाला मिळाली तर सोनं. पण अर्ध्यावर तडजोड झाली तरी रस्त्यावरच्या खेळापेक्षा ती कितीतरी बरी. भावांना ही आकडेमोड कागदावर करून दाखवा.

मध्यस्थाला एक रुपया देऊ नका. हरकत घ्यायला फी लागत नाही आणि सुनावणी हा तुमचा हक्क आहे. तो माणूस जे ‘करून देतो’ म्हणतोय, त्याचा निर्णय शेवटी शासनाच्या मंजुरीत होतो. आरक्षण आपोआप उठलं तर तो म्हणणार मी उठवलं, आणि राहिलं तर फोन उचलणार नाही. लाच देणं हा गुन्हा आहे हे तर आहेच. शिवाय त्याच नकाशावर उद्या दुसरा कोणी पैसे भरून तुमच्या दारातून रस्ता काढेल.

आता ओढा. ताई, पत्रात तुम्ही त्याला दोन ओळी दिल्यात, पण माझ्या मते तुमच्या गावासाठी मोठी गोष्ट तीच आहे.

मी नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गावाच्या प्रारूप नकाशावर मी रस्त्याची रेघ ओढली. आधारभूत नकाशावर तिथे काही नव्हतं. सुनावणीला एक वयस्कर शेतकरी आले, त्यांच्या हातात घडीवर फाटलेला जुना गाव नकाशा होता. त्यावर दोन बारीक समांतर रेघा होत्या, ओढ्याच्या. ते एवढंच म्हणाले, ‘बाई, पावसाळ्यात एकदा या.’ आम्ही जुलैत गेलो. माझ्या रेघेवर गुडघाभर पाणी वाहत होतं. रस्ता बदलला, पण ते सुनावणीला आले नसते तर तो झाला असता आणि आज त्याच्या दोन्ही बाजूंना घरं असती. पाहणीच्या दिवशी ओढा कोरडा होता, म्हणून आमच्या माणसांनी तो ‘पडीक जमीन’ असा नोंदवला होता. कलम 25 खाली विद्यमान जमीन वापराची पाहणी करून नकाशा करावा लागतो, आणि पुढचा सगळा आराखडा त्यावर उभा राहतो. ती पाहणी उन्हाळ्यात उरकली की ओढे नाहीसे होतात.

पुण्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हे भोगलं. कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला, सीमाभिंती कोसळल्या, माणसं गेली. ओढ्याला शहराचा नकाशा ठाऊक नसतो, उतार ठाऊक असतो.

म्हणून ओढ्याची हरकत वेगळ्या कागदावर घ्या. जमिनीच्या अर्जात ती मिसळली की ‘स्वतःचं काम काढायला पर्यावरण आणलं’ असा वास येतो. आणि ही हरकत घ्यायला त्या पट्ट्यात तुमची जमीन असायची गरज नाही. कोणीही घेऊ शकतो. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. त्यावर ओढा दिसेल. जुन्या मंजूर आराखड्यात तो पट्टा हिरवा होता, त्याचा भाग नकाशा जोडा. 2019 च्या पाण्याचे फोनमधले फोटो तारखेसह छापून घ्या. ज्या घरांच्या भिंतींवर पाण्याची खूण अजून आहे तिथे टेप धरून फोटो काढा. त्या वेळी पंचनामे झाले असतील, सानुग्रह मदत मिळाली असेल. तलाठ्याकडच्या त्या याद्या म्हणजे सरकारनेच दिलेली कबुली आहे. माहितीच्या अधिकारात मागा. नदीजवळचा भाग असेल तर जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा विचारा: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. लहान ओढ्यांना पूररेषा आखलेली नसते, आणि नेमका त्याचाच फायदा घेऊन पट्टे पिवळे होतात.

एकच मजकूर छापून शंभर सह्या घेण्याच्या मागे लागू नका. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या 2013 च्या प्रारूप आराखड्यावर 87 हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. एवढ्यांना न्याय देताना छापील अर्ज एका गठ्ठ्यात जातात आणि त्यांचा एकच मुद्दा धरला जातो. दहा घरांनी दहा वेगळी पत्रं लिहू देत: कोणाच्या घरात किती पाणी आलं, काय वाहून गेलं, किती दिवस शाळेत मुक्काम केला. तुमच्या अंगणवाडीतल्या आयांना बसवून लिहून घ्या. शुद्धलेखनाची काळजी नको. फक्त प्रत्येकीने घर नंबर घालावा, आवक शिक्क्यासह पोच घ्यावी आणि सुनावणीला यावं.

प्रारूप आराखडा म्हणजे दगडावरची रेघ, असं गावात कोणी म्हणालं तर त्यांना मुंबईचं सांगा. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईचा नवा आराखडा प्रसिद्ध झाला. लोकांनी तो घेऊन आपापली गल्ली तपासली, तेव्हा वारसा वास्तू गायब आणि उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले सापडले. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनीच तो रद्द करायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी सुधारून नवा प्रारूप आला. गोव्यात तर 2006 ला अधिसूचित झालेला अख्खा प्रादेशिक आराखडा गोवा बचाव अभियानाच्या रेट्यामुळे 2007 च्या सुरुवातीला मागे घेतला गेला. त्यांच्यामागे वर्तमानपत्रं होती, वास्तुविशारद होते. तुमच्याकडे ते नाहीत, पण तुमचं गाव एवढं लहान आहे की दोन रविवारी नकाशा हातात घेऊन ते सगळं पायी तपासता येईल. मुंबईत ते कोणालाच शक्य नव्हतं.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिथे पालिकेच्या बाजूचे सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार असतात. वेळ थोडा मिळतो. भाषण करू नका, रडू नका, कोणावर आरोप करू नका. नकाशा टेबलावर पसरा, बोट ठेवा आणि सांगा: हा ओढा, हे माझं घर, इथवर पाणी. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, ज्याने तो ओढा साठ वर्षं पाहिलाय. समितीतल्या जाणकारांना अशा माणसाचं बोलणं टिपून घ्यावंसं वाटतं, हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसून अनुभवलं आहे.

त्यानंतर समितीचा अहवाल, पालिकेचे बदल आणि शेवटी कलम 31 खाली शासनाची मंजुरी असा प्रवास आहे. त्याला वर्षं लागू शकतात. शासनाने मोठे बदल सुचवले तर त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात, आणि त्या नोटिशी कोपऱ्यात बारीक टायपात येतात. मंजुरीनंतरही कलम 37 च्या फेरबदलाने एखादा हिरवा तुकडा पिवळा होऊ शकतो. वाचनालयात पेपर लावायला येणाऱ्या एखाद्या पोराला ‘फेरबदल’ हा शब्द दिसला की मला कळव, असं सांगून ठेवा.

राहिलं माहेर. भाऊ तुमच्यावर सही मागतायत म्हणजे सातबाऱ्यावरचं तुमचं नाव ते मानतायत. सगळ्या घरांत एवढंही नसतं. त्यांना तुमची भीती एकच असणार: बहीण समाजसेवा करते आणि नुकसान आपलं होतं. ती भीती त्यांच्यासमोर तुम्हीच बोलून दाखवा. सांगा की पैशाच्या मागणीवर माझी पहिली सही असेल, 127 च्या नोटिशीवरही असेल, कारण वडिलांवर अन्याय झाला असं मलाही वाटतं. आणि मग सांगा की मैदान नकोच, असं लिहिलेल्या कागदावर मात्र मी सही करणार नाही. पहिलं ऐकल्यावर दुसरं ऐकायला त्यांना जड जाणार नाही, असं मला वाटतं. हक्कसोडपत्राचा विषय कोणी मध्येच काढला तर आत्ता काहीही लिहून देऊ नका. हे सगळं मार्गी लागेपर्यंत तिघांची नावं एकत्र असण्यातच तिघांचं हित आहे.

एकवीस दिवस उरलेत, पत्र माझ्यापर्यंत येईतो आणखी दोन-तीन गेले असतील. प्रारूप नकाशा नगरपरिषदेत बघायला ठेवलेला असतो, उतारे विकतही मिळतात. उद्या कामाच्या वेळेत दोन्ही भावांना घेऊन जा. जाताना शाळेची पट्टी घ्या, कोऱ्या कागदावर नकाशाचं प्रमाण लिहून घ्या आणि आधी आपली जमीन शोधा. मग तिथून ओढ्यापर्यंत बोटाने चालत जा, आणि वाटेत नकाशात काय काय राहून गेलंय ते थोरल्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.